झोप न मोडता

मामाच्या गॅलरीत कठड्यावर गादी वाळत घातली होती, आणि ती कोणाची हे विचारायची गरज नव्हती. ढब्बू त्या गादीला पाठ लावून उभा होता. तो भिंगरीपेक्षा वर्षाने लहान, अंगाने मात्र दीडपट. पण डाग त्याच्याहून रुंद होता.

भिंगरीने चपलासुद्धा काढल्या नाहीत. "घोडा झालास एवढा," ती म्हणाली, "आणि अजून गादी ओली करतोस? शी. माझी बघ येऊन कधी. ठणठणीत कोरडी असते."

ढब्बूने मान खाली घातली. मामी आतून म्हणाली की होतं गं एकेकाचं असं, त्यात काय. त्यावर भिंगरीने जाहीर केलं की तिचं कधीच झालेलं नाही, तिच्या बाबांना विचारा.

बाबा दारात बुटाची नाडी सोडत बसला होता. नाडी सुटली होती, तरी त्याची बोटं तिथेच चाळवत राहिली. मुलगी खोटं बोलत नव्हती. तिला जेवढं माहीत होतं तेवढं ती अगदी खरं सांगत होती. आणि त्याच पहाटे त्याने तिच्या अंगाखालची ओली चादर काढून कोरडी घातली होती.

भिंगरीचा बाप एका मोठ्या रुग्णालयात हाडांच्या वॉर्डात नर्स होता. मांडीचं किंवा कमरेचं हाड मोडलेल्या माणसाला उचलता येत नाही, पण त्याच्या खालची चादर तर बदलावीच लागते. त्याला हलकेच एका कुशीला वळवायचं, जुनी चादर लांब गुंडाळी करून पाठीशी सारायची, नवी तिच्या मागोमाग पसरायची, मग त्याला दुसऱ्या कुशीला घ्यायचं आणि पलीकडून दोन्ही ओढून घ्यायच्या. हे सगळेच नर्स करतात. भिंगरीच्या बापाचं वैशिष्ट्य असं, की झोपलेला रोगी झोपलेलाच राही. वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर म्हणत, याच्या हाताखालून माणूस स्वर्गात गेला तरी त्याला सकाळी नाश्त्यालाच कळेल.

घरी रात्रीचं सगळं त्याच्याकडेच होतं. बायको पावाच्या कारखान्यात भट्टीवर; पहाट व्हायच्या आत तिला घर सोडावं लागे, त्यामुळे ती अंथरुणाला पाठ टेकली की लाकूड होई. भिंगरी तान्ही होती तेव्हापासून रात्रीची ओली दुपटी त्यानेच बदलली. पुढे दुपट्यांच्या जागी चादरी आल्या, मुलगी शाळेत जाऊ लागली, दात पडून नवे आले, आणि हे चालूच राहिलं. तो बिचाऱ्या पोरीची झोप मोडू नये म्हणून वॉर्डातल्यासारखी चादर बदलायचा. चड्डी, पायजमासुद्धा. सकाळी तिला काही वेगळं वाटू नये म्हणून त्याने चादरी सगळ्या एकाच छापाच्या आणल्या होत्या, निळ्या बारीक रेघांच्या, आणि रात्रीचे पायजमेही एकाच रंगाचे. एखादं काम करायचं तर नीट करायचं, असा त्याचा स्वभाव. ते त्याने इतकं नीट केलं होतं, की सहा वर्षं उलटून गेलेल्या त्याच्या मुलीला आपण रात्री शू करतो हे ठाऊकच नव्हतं.

त्या दुपारी निघताना मामी म्हणाली, "दाजी, सुट्टी लागली की हिला आठवडाभर पाठवा इकडे. दोघं मागच्या खोलीत एका पलंगावर झोपतील. ढब्बूलाही सोबत होईल."

दाजींनी तोंड उघडायच्या आत भिंगरीने होकार देऊन टाकला. ढब्बूला मात्र तिने बजावलं की पलंगाच्या तिच्या बाजूला यायचं नाही, नाहीतर ती भिजेल. घरी पोचेपर्यंत बसमधल्या दोन अनोळखी बायकांना आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांना ती मामाकडे राहायला जाणार असल्याचं कळलं होतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा तोडगा तयार होता. आदल्या दिवशी ताप आला म्हणून सांगायचं.

"आणि पुढच्या सुट्टीत?"

"पुढच्या सुट्टीत खोकला."

तो हसला नाही. ती कानामागचं पीठ पुसत म्हणाली की हे मी तुला आज सांगत नाहीये. दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, की तिला एकदा ओल्यात जागी होऊ दे. तेव्हा तू म्हणालास, पोर गारठेल. आता ती ढब्बूला हसते आणि तू बुटाच्या नाड्यांशी खेळतोस.

हे बरोबर होतं, म्हणूनच त्याला लागलं.

मुलांच्या डॉक्टरीणबाई रुग्णालयातच खालच्या मजल्यावर बसत. भिंगरीची लघवी तपासून झाली होती, त्यात काही निघालं नव्हतं. तो निकाल घेऊन तो त्यांच्या खोलीत गेला. बाईंनी सांगितलं की या वयात पुष्कळ मुलांचं असं असतं. झोप गाढ असते, शरीराला आपल्या वेळेने जाग येते, मुलाचा त्यात काही दोष नसतो. पोट साफ होतं का, दिवसा पाणी किती पिते, शू दाबून ठेवते का, असं एकेक विचारलं. मग सहज म्हणाल्या, "सकाळी उठल्यावर ती काय म्हणते?"

"काही नाही. तिला माहीत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्याने समजावून सांगितलं, कशी चादर बदलतो, कशी तिला कधीच जाग येत नाही. सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान आला, तो त्याला स्वतःलाच ऐकू आला.

बाई म्हणाल्या, "ब्रदर, तुमच्या रोग्यांची हाडं मोडलेली असतात. त्यांना हलवायचं नसतं. हिचं काय मोडलंय?"

ओरडायचं नाही, लाजवायचं नाही, ओली झाली म्हणून शिक्षा नाही, हे बाईंनी दोनदा सांगितलं. पण शरीर तिचं आहे, ते रात्री काय करतं हे तिला कळलं पाहिजे, सुरुवात तिथून. सुट्टीपर्यंत ती कोरडी होईल का, असं त्याने विचारलं. त्याची हमी कोणी देऊ शकत नाही, असं त्या म्हणाल्या.

रविवारी गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालताना त्याने विषय काढला. भिंगरीला घड्या घालायला आवडे. दोन टोकं तिच्याकडे, दोन त्याच्याकडे, ओढायचं, झटकायचं, मग ती पळत येऊन आपली टोकं त्याच्या हातात द्यायची.

"भिंगरे, या चादरी रोज का धुतो आपण?"

"तू नर्स आहेस म्हणून." तिला या प्रश्नात काही अवघड वाटलं नाही. नर्सच्या घरी चादरी रोज धुतात, बसचालकाच्या घरी बहुधा बस धूत असतील.

मग त्याने सांगितलं. घोळवून नाही, एका दमात. नाहीतर राहून गेलं असतं. रोज नाही, पण पुष्कळ रात्री होतं, तो बदलतो, तिची झोप मोडत नाही.

भिंगरीने आपली टोकं सोडली नाहीत. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "खोटं."

"खरं आहे, बाळा."

"मला कळलं असतं. माझं अंग आहे."

त्या रात्री त्याने काही केलं नाही, आणि काही न करणं त्याला फार जड गेलं. सकाळी भिंगरी ओल्या पायजम्यात पलंगावर उभी होती आणि तिचा आरोप तयार होता. "तू पाणी ओतलंस. मी ढब्बूला हसले म्हणून."

शपथा घेऊन उपयोग नव्हता. सहा वर्षं ज्याने बेमालूम चादरी बदलल्या, त्याला तांब्याभर पाणी ओतणं काय अवघड, हे तिचं म्हणणं तसं बिनतोड होतं. पुरावा कसा मिळवायचा हेही तिनेच ठरवलं. आईच्या सुट्टीच्या आदल्या रात्री आईने तिच्या खोलीत झोपायचं, बाबाने बाहेर. दार आतून लावायचं, आणि दाराशी स्टुलावर पातेल्यांची उतरंड रचायची, म्हणजे कडी काढून कोणी आत आलंच तर सगळी इमारत जागी होईल. बायको उतरंड रचताना म्हणाली, "तुझ्यावर एवढा पहारा तुझ्या सासऱ्यानेसुद्धा बसवला नव्हता."

सकाळी पातेली जागच्या जागी होती. चादर ओली होती.

दार उघडून तो आत गेला तेव्हा भिंगरी चादरीवर वाकून वास घेत होती. बराच वेळ तिने वास घेतला. मग ती भिंतीला टेकून बसली.

"पाण्याला असा वास नसतो," ती म्हणाली.

"नसतो."

"ढब्बूला माहीत आहे?"

"नाही."

"मामीला?"

"कोणालाच नाही. मला, आईला आणि डॉक्टरीणबाईंना फक्त."

तिने गुडघ्यांत डोकं घातलं. आईने जवळ घेतलं तर ती आक्रसली. नाश्त्याला आली नाही. बाबाला वाटलं, डॉक्टरीणबाईंचं ऐकून आपण भलतंच करून बसलो. ठणठणीत, तोंडाळ पोर होती, तिचा फुगा फोडला. त्याने ओल्या चादरीचा गोळा उचलला आणि न्हाणीघराकडे निघाला, तर ती मागून आली.

"ती इकडे दे. चादर कशी घालतात ते दाखव."

त्याने दाखवलं. वॉर्डात नव्या मुलींना शिकवायचा तसंच, एकही पायरी न गाळता. खाली गादी, तिच्यावर मेणकापड, त्यावर मोठी चादर, आणि कमरेच्या जागी एक आडवी छोटी चादर. रात्री भिजली तर आडवी तेवढी काढायची, मोठीला हात लावायचा नाही. कोपरा कसा दुमडायचा, तळवा पालथा ठेवून गादीखाली कसा सरकवायचा, म्हणजे नखं अडकत नाहीत. भिंगरीचे हात पोचत नव्हते. तिने पलंगावर चढून, मग खाली उतरून, मग पुन्हा चढून कोपरे बसवले. पहिला कोपरा वळकटीसारखा झाला. तिने तो उपसून पुन्हा घातला. त्याने मदतीला हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला.

बाकीचं हळूहळू उलगडत गेलं. शाळेतून तिची पाण्याची बाटली भरलेलीच परत येते, हे इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. विचारल्यावर कळलं की शाळेतल्या मुलींच्या शौचालयाची कडी तुटली आहे, दार एका मैत्रिणीला धरून ठेवावं लागतं आणि ती मैत्रीण मधेच सोडून पळते. म्हणून भिंगरी दिवसभर पाणी पीत नव्हती आणि दाबून ठेवत होती. घरी आल्यावर मात्र उंटासारखी प्यायची, झोपेपर्यंत. बायको त्याच आठवड्यात पीठ लागलेल्या कपड्यांनिशी थेट शाळेत गेली. ती वर्गाच्या बाईंशी काय बोलली ते तिने घरी सांगितलं नाही, पण दोन दिवसांत कडी लागली.

आता बाटली रिकामी येऊ लागली. पोट साफ होत नव्हतं, त्यासाठी डॉक्टरीणबाईंनी खाण्यात बदल सांगितले होते. भिंगरीने भोपळ्यालाही नाही म्हटलं नाही, आणि या घरात ती बातमीच होती. संध्याकाळी पाणी बेताने. झोपायच्या आधी घाई न करता बसून शू, गोष्ट ऐकून झाली की पुन्हा एकदा. न्हाणीघरातला दिवा रात्रभर चालू. आणि पलंगाच्या उशाशी खुर्चीवर घडी घातलेली आडवी चादर आणि कोरडा पायजमा.

बाबाने स्वतःवरही एक नियम घातला. ती हाक मारेपर्यंत जायचं नाही. हाक आलीच तर चादर धरायची, घालायची तिने. पहिल्यांदा ती ओल्यात जागी झाली तेव्हा रडली, आणि तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. त्याचे हात शिवशिवत होते. वॉर्डात त्याने अशी वेळ कधी स्वतःवर येऊ दिली नव्हती. भिंगरी रडत रडतच आडवी चादर ओढून काढत होती. रडणं आणि काम तिने एकमेकांच्या आड येऊ दिलं नाही.

काही सकाळी कोरड्या निघू लागल्या. तिने त्याचा गाजावाजा केला नाही, हे तिच्या स्वभावाला सोडून होतं. बाबाने विचारलं तर नुसती मान हलवायची. मग सुट्टी तोंडावर आली आणि लागोपाठ दोन रात्री भिजल्या.

बायको हळूच म्हणाली की फोन करून टाकू या. यात हार-जीत काही नाही. पुढच्या वेळी जाईल.

त्यालाही मनातून तेच वाटत होतं. ढब्बूचा चेहरा त्याला आठवत होता, गादीला पाठ लावलेला. त्या जागी आपली पोर उभी राहिलेली त्याला बघवणार नव्हती. तो फोनकडे वळलाही होता. पण भिंगरी दारात उभी होती, हातात मेणकापडाची गुंडाळी.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "हे पिशवीत मावत नाही. मोठी पिशवी दे."

"तिकडे झालं तर?" आईने विचारलं.

"तर बदलेन."

"ढब्बू हसेल."

भिंगरीने यावर विचार केलेला दिसत होता. "मी हसले होते," ती म्हणाली, आणि पिशवी शोधायला गेली.

मामीला कोण सांगणार, हाही प्रश्न होता. बाबा म्हणाला मी सांगतो. भिंगरी म्हणाली मी. मामाच्या घरी पोचल्याबरोबर तिने मामीचा पदर धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर मामा नव्या गाडीचं कौतुक सांगत होता. दाजींनी त्यातला एक शब्द ऐकला असेल तर शपथ. दार उघडलं तेव्हा मामीच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मागच्या खोलीत मेणकापड टाकायचं का, असं तिने विचारलं, जसं कोणी चहा टाकायचा का विचारावं. ढब्बूला एवढ्यात सांगायचं नाही, असं त्या दोघींचं ठरलं होतं.

निघताना भिंगरीने बापाला फाटकापर्यंत सोडलं. तिने रात्री फोन करायचा नाही असं बजावलं. तिला काम असेल.

त्याने केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही. बायको म्हणे, तू फोनकडे असा बघतोस जसा तो आता अंडं घालणार आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो वॉर्डात असताना मामीचाच फोन आला. मामी आधी हसली, मग म्हणाली की घाबरू नका, सगळं बरं आहे. पहिल्या रात्री दोघंही कोरडी. काल रात्री भिंगरीचं अंथरूण ओलं झालं. "आणि दाजी, मला पत्ता नाही. ढब्बू शेजारी झोपलेला, त्यालाही पत्ता नाही. तिने उठून आडवी चादर काढली, दुसरी घातली, पायजमा बदलला, ओलं सगळं बादलीत टाकलं आणि पुन्हा झोपली. हे तिने स्वतःच सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर कोणाच्या बापाला कळलं नसतं." मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ती पुन्हा हसली. "घ्या, तिच्याशीच बोला."

भिंगरीचा श्वास आधी आला, मग आवाज. "बाबा, तो झोपलाच होता. मी अख्खी चादर काढली तरी उठला नाही. कोपरापण बसला."

"शाबास." त्याला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "मग सांगितलंस कशाला?"

मामीच्या घरचा नळ वाहत होता, तो ऐकू येत होता.

"तुझ्यासारखं झालं असतं ना," भिंगरी म्हणाली. "त्याला वाटलं असतं, त्याची एकट्याचीच ओली होते. म्हणून नाश्त्याला सांगितलं, काल माझी भिजली, तुझी नाही."

"मग?"

"हसला. खूप. खुर्चीवरून पडला."

"आणि तू?"

"हसू दिलं." तिने फोन या हातातून त्या हातात घेतला असावा. "मग म्हणाला, मलापण शिकव, रात्री आईला उठवायला नको. ठेवते आता, बाबा. चादर वाळलीय आणि तो तिकडची टोकं धरून कधीचा उभा आहे."